ग्रामीण माध्यमिक शाळेत तासिकेला तंत्रज्ञान कसे जोडावे

माध्यमिक शाळेची तासिका ३५ ते ४० मिनिटांची असते. आधीच्या तासाचा फळा पुसणे, मुलांनी वह्या काढणे आणि वर्ग शांत होणे यांत त्यातली पाच मिनिटे सहज जातात. त्यानंतर शिक्षकाने कार्यालयातून प्रोजेक्टर आणला, एक्स्टेंशन बोर्ड शोधला, केबल जोडली आणि लॅपटॉप सुरू होण्याची वाट पाहिली, तर आणखी बारा-पंधरा मिनिटे खर्ची पडतात, आणि एवढे करून व्हिडिओ उघडलाच नाही तर नववी-दहावीच्या वर्गाचा अख्खा तास वाया जातो. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातील एका शाळेत विज्ञान शिकवताना माझे असे कित्येक तास गेले. ज्या मुलांचे ते गेले त्यांना ते परत देता आले नाहीत, ही खंत मला आजही आहे. पुढे दिलेली पद्धत त्या अनुभवातून हळूहळू तयार झाली. फळा, खडू, हात आणि प्रत्यक्ष वस्तू जिथे पुऱ्या पडत नाहीत तेवढ्याच मिनिटांसाठी यंत्र वापरावे, आणि ते घंटा होण्याआधी तयार असावे, एवढेच तिचे सूत्र आहे.

शाळेत काय आहे ते आधी पाहावे

नवीन काही मागण्यापूर्वी शाळेत पडून असलेल्या वस्तू एकदा चालू करून पाहाव्यात. केंद्र सरकारची शाळांसाठीची आयसीटी, म्हणजे माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान, योजना २००४ साली सुरू झाली आणि २०१८ पासून ती समग्र शिक्षा अभियानाचा भाग झाली. या काळात अनेक माध्यमिक शाळांना संगणक कक्ष मिळाले. त्यातील काही कक्षांना आज कुलूप असते, आणि त्याचे कारण दर वेळी नादुरुस्त यंत्रे हे नसते. वस्तू जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, शिक्षकाच्या नावावर असते, ती बिघडली तर जाब द्यावा लागेल ही भीती असते, आणि न वापरलेली वस्तू बिघडत नाही असा समज असतो. प्रत्यक्षात बंद खोलीतला संगणकच धुळीने, दमटपणाने आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरींनी लवकर निकामी होतो. म्हणून मुख्याध्यापकांशी बोलून एक शनिवार ठरवावा, प्रत्येक यंत्र चालू करावे आणि त्यावर कागदाची पट्टी चिकटवून चालू, दुरुस्तीयोग्य किंवा निर्लेखनास (नोंदवहीतून काढून टाकण्यास) पात्र असे स्पष्ट लिहावे. दहा संगणकांपैकी चार चालले तरी सुरुवातीला तेवढे पुरेसे आहेत.

त्यानंतर विजेची पाहणी करावी. गावातील वीज कधी जाते हे सगळ्यांना ठाऊक असते, पण ते कुठे लिहून ठेवलेले नसते. दोन आठवडे शिक्षक-खोलीतील वेळापत्रकाच्या प्रतीवर वीज गेलेल्या तासिकांवर पेन्सिलीने फुली मारत जावे. पंधरवड्याच्या शेवटी त्या कागदावरून कोणत्या वाराच्या कोणत्या तासाला यंत्रावर विसंबून राहू नये हे समजते, आणि विज्ञान किंवा भूगोलाचा तास सहकाऱ्याशी बदलून घेण्यासाठी हातात आधार येतो. इन्व्हर्टर असेल तर त्याचेही गणित करून ठेवावे. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास ऊर्जा देते. बॅटरी टिकावी म्हणून त्यातली निम्मी वापरायची ठरवली तर ९०० वॅट-तास हाती राहतात. ४३ इंची एलईडी टीव्ही आणि लॅपटॉप मिळून सुमारे १५० वॅट घेतात, म्हणजे सहा तासांची सोय होते. त्याच बॅटरीवर ३०० वॅटचा प्रोजेक्टर आणि लॅपटॉप जेमतेम अडीच तास चालतील. खोलीचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय मात्र मुलांना कोणत्याही यंत्राला हात लावू देऊ नये, आणि यात तडजोड नसावी.

टीव्ही की प्रोजेक्टर, हा प्रश्न खरेदीच्या वेळी नेहमी येतो. माझे मत टीव्हीच्या बाजूने आहे. ग्रामीण शाळांच्या वर्गांना खिडक्या भरपूर आणि पडदे नसतात, त्यामुळे दुपारच्या उजेडात साध्या प्रोजेक्टरचे चित्र फिके पडते. शिवाय दिव्याच्या प्रोजेक्टरची वीज अचानक गेली की आतला पंखा थांबतो आणि गरम दिव्याचे आयुष्य कमी होते. टीव्हीचा आकार मात्र लहान पडतो, आणि त्यासाठी एक चाचणी करावी. पडद्यावर नेहमीच्या आकारात एक वाक्य आणि एक समीकरण ठेवावे व स्वतः शेवटच्या बाकावर, भिंतीकडेच्या जागेवर जाऊन बसावे. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा ‘H₂SO₄’ मधला खालचा आकडा मला तिथून मुळीच दिसला नाही, आणि चष्म्याची गरज असूनही चष्मा नसलेली मुले त्याच बाकांवर बसत होती. तेव्हापासून पडद्यावर एका वेळी पाच-सहा ओळींपेक्षा जास्त मजकूर मी ठेवत नाही, आणि टीव्हीचा तास असतो तेव्हा बाके अर्धवर्तुळात सरकवून घेतो.

इंटरनेट गृहीत धरू नये

जे दाखवायचे ते आदल्या दिवशी उतरवून ठेवलेले असावे. बालभारतीची पाठ्यपुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात. नववी-दहावीची सर्व पुस्तके एकदाच उतरवून लॅपटॉपवर ठेवली की आकृती मोठी करून दाखवण्याची सोय कायमची होते. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा या सरकारी डिजिटल शिक्षण मंचावरील साहित्याकडे नेतात, आणि दीक्षाच्या ॲपमध्ये ते साहित्य फोनवर उतरवून घेता येते. कोडमागचे साहित्य वर्गात दाखवण्याआधी पूर्ण पाहावे, कारण काही ठिकाणी ते नेमके असते, तर काही ठिकाणी पुस्तकातलेच वाक्य पुन्हा वाचून दाखवलेले असते, आणि दुसऱ्या प्रकारासाठी तास देण्याची गरज नाही.

शिक्षकाच्या प्रयत्नातून किती दूरपर्यंत जाता येते याचे उदाहरणही याच क्यूआर कोडचे आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचे काम केले आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. ती शाळा प्राथमिक होती, आणि शिक्षकाने तिथे स्वतःच्या मुलांसाठी स्वतः साहित्य तयार केले, ही गोष्ट माध्यमिक शिक्षकांनीही लक्षात घेण्यासारखी आहे.

पेनड्राइव्हबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण तास बुडण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. जुने टीव्ही बहुधा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्हच ओळखतात, आणि व्हिडिओ एच.२६५ प्रकारातला असेल तर आवाज येतो पण चित्र येत नाही. म्हणून व्हिडिओ एमपी४ मध्ये, एच.२६४ प्रकारात ठेवावेत आणि प्रत्येक फाइल ज्या टीव्हीवर दाखवायची त्याच टीव्हीवर आधी एकदा चालवून पाहावी. फाइलींची नावे इयत्ता, विषय आणि पाठाच्या क्रमांकाने द्यावीत, म्हणजे बदली तासाला गेलेल्या सहकाऱ्यालाही ती सापडतील.

मराठी मजकूर टंकताना युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरपद्धती, हेच वापरावे. कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडल्या की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात, आणि दहा वर्षांचा प्रश्नसंग्रह असा निरुपयोगी झालेला मी पाहिला आहे. युनिकोडमध्ये टंकण्याचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढा वेळ द्यावा.

एका तासाची आखणी

दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ मधील ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा पाठ उदाहरणासाठी घेऊ. बहिर्वक्र भिंगासमोर वस्तू कुठे ठेवली असता प्रतिमा कुठे, केवढी आणि कशी मिळते याचा तक्ता मुले पाठ करतात, आणि परीक्षेनंतर विसरतात. हा पाठ मी एका तासात असा घेतो.

पहिली दहा मिनिटे कोणतेही यंत्र नसते. प्रयोगशाळेतील १० सेंटीमीटर नाभीय अंतराची भिंगे गटागटांत द्यायची आणि खिडकीसमोर भिंग धरून मागे कागद पुढे-मागे सरकवायला सांगायचे. आमच्या वर्गाबाहेर कडुनिंब आहे. कागद बरोबर अंतरावर आला की त्यावर नखाएवढा कडुनिंब उलटा उमटतो, फांद्या वाऱ्याने हलताना दिसतात, आणि वर्गात एकदम आवाज वाढतो. तो आवाज थांबवू नये. त्यानंतर पट्टीने भिंग ते कागद अंतर मोजायला सांगावे. बहुतेक गटांचे उत्तर १० सेंटीमीटरच्या आसपास येते, आणि नाभीय अंतर म्हणजे काय हे व्याख्येआधीच हाताला कळते.

पुढची दहा मिनिटे मेणबत्तीची. मेणबत्ती भिंगापासून ३० सेंटीमीटरवर असताना प्रतिमा १५ सेंटीमीटरवर लहान मिळते, २० वर असताना तेवढीच मोठी २० वर मिळते, १५ वर आणली की ३० वर दुप्पट मोठी मिळते. मुले या नोंदी वहीत करतात. मग मेणबत्ती ७ सेंटीमीटरवर आणायला सांगायचे. कागद कितीही सरकवला तरी काही उमटत नाही. “सर, प्रतिमा गेली कुठे?” हा प्रश्न प्रत्येक वर्षी कोणीतरी विचारतेच, आणि टीव्ही चालू करण्याची वेळ तीच असते, कारण किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि फळ्यावर काढलेली आकृती हलत नाही.

इथे अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाचे प्रकाशावरचे सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून पाहण्याचा आभासी प्रयोग, उपयोगी पडते. हा प्रकल्प नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केला. त्याची सिम्युलेशने विनामूल्य आहेत, पुष्कळशी मराठीतही आहेत, आणि एकदा फाइल उतरवून घेतली की लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय चालतात. भिंगासमोरची वस्तू बोटाने किंवा माऊसने ओढत नेली की किरण आणि प्रतिमा त्याबरोबर सरकतात. वस्तू नाभीकडे नेताना प्रतिमा दूर पळते आणि मोठी होते. नाभी ओलांडून आत आली की किरण पलीकडे एकत्र येतच नाहीत, आणि ते मागे वाढवले असता आभासी प्रतिमा वस्तूच्याच बाजूला उभी राहते. माऊस मुलांच्या हातात द्यावा. वस्तू सरकवण्याआधी प्रत्येक वेळी वर्गाला अंदाज विचारावा आणि तो फळ्यावर लिहावा. अंदाज न विचारता दाखवलेले सिम्युलेशन मुले करमणूक म्हणून पाहतात आणि मनात काही शिल्लक राहत नाही. हा भाग आठ-दहा मिनिटांत संपवून टीव्ही बंद करावा, आणि उरलेल्या वेळात किरणाकृती प्रत्येकाने पेन्सिल-पट्टीने स्वतः काढावी. बोर्डाच्या परीक्षेत आकृती हातानेच काढायची असते, आणि किरण समजला की नाही हेही हातानेच कळते.

सिम्युलेशनमधील मराठी शब्द आणि बालभारतीचे शब्द दर वेळी सारखे नसतात. पडद्यावर वेगळा शब्द दिसला तर पाठ्यपुस्तकातला शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

शिक्षकाचा फोन हे मोजण्याचे साधन

फोनचा उपयोग व्हिडिओ दाखवण्यासाठी होतो हे सर्वांना माहीत आहे, पण ग्रामीण शाळेच्या प्रयोगशाळेत नसलेली कित्येक उपकरणे त्या फोनमध्ये असतात, याकडे लक्ष जात नाही. जर्मनीतील आखेन येथील आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने तयार केलेले फायफॉक्स हे विनामूल्य ॲप फोनमधील संवेदकांचा उपयोग करून त्वरण, ध्वनी, प्रकाश, चुंबकीय क्षेत्र मोजते, आणि प्रयोगासाठी इंटरनेट लागत नाही.

नववीच्या ‘ध्वनीचा अभ्यास’ या पाठासाठी दोन शिक्षकांचे दोन फोन आणि दहा मीटरची टेप घेऊन मैदानावर जावे. दोन्ही फोन एकमेकांपासून बरोबर १० मीटर अंतरावर ठेवावेत आणि दोन्हींवर ॲपमधले ध्वनीवर चालणारे स्टॉपवॉच सुरू करावे. ते एका मोठ्या आवाजाला सुरू होते आणि दुसऱ्या आवाजाला थांबते. पहिल्या फोनजवळच्या मुलाने टाळी वाजवावी, क्षणभर थांबून दुसऱ्या फोनजवळच्या मुलीने वाजवावी. पहिल्या टाळीचा आवाज दुसऱ्या फोनकडे उशिरा पोहोचतो आणि दुसऱ्या टाळीचा आवाज पहिल्याकडे उशिरा पोहोचतो, त्यामुळे दोन घड्याळांतील वेळांचा फरक म्हणजे आवाजाला २० मीटर जायला लागलेला वेळ असतो. तो सुमारे ०.०५८ सेकंद येतो, आणि २० ला त्याने भागले की वेग सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास मिळतो.

पहिल्याच प्रयत्नात असे उत्तर येत नाही. शेजारच्या वर्गाच्या कवितेने, वाऱ्याने किंवा रस्त्यावरच्या ट्रॅक्टरने घड्याळ आपोआप सुरू होते. यावर उपाय म्हणजे ॲपमधली आवाजाची मर्यादा वाढवावी, पहिल्या तासाला शांतता असताना प्रयोग करावा, आणि टाळीऐवजी लाकडाचे दोन तुकडे एकमेकांवर आपटावेत. दहा वेळा मोजून सरासरी काढावी, आणि कोणत्या नोंदी का चुकल्या हेही मुलांनी वहीत लिहावे. आमच्या वर्गातील एका गटाने टेप सैल धरल्यामुळे अंतर चुकल्याचे स्वतः शोधून काढले आणि मधल्या सुट्टीत पुन्हा मोजून आणले. पाठ्यपुस्तकात छापलेली संख्या आपल्या मैदानावर आपणच काढली, हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरलेलो नाही.

फोनचा दुसरा उपयोग कॅमेऱ्याचा. पुस्तकांच्या दोन चळतींवर लाकडी पट्टी ठेवून तिच्यावर फोन असा ठेवला की मागचा कॅमेरा पट्टीच्या कडेबाहेरून खाली पाहील, तर त्याखालच्या टेबलावरची वस्तू टीव्हीवर मोठी दिसते. जास्वंदाच्या फुलाचा उभा छेद, व्हर्निअर कॅलिपरवरची रेघ जुळणे, कंपासने काढलेली स्पर्शिकेची रचना अशा गोष्टी साठ मुलांना एकाच वेळी दाखवण्याचा यापेक्षा चांगला मार्ग मला सापडलेला नाही. फोनचे चित्र टीव्हीवर नेण्यासाठी टीव्हीत मिराकास्टची (फोनचे चित्र बिनतारी दाखवण्याची) सोय असेल तर इंटरनेट लागत नाही. नसेल तर साधा यूएसबी वेबकॅम लॅपटॉपला जोडून तेच काम होते. केबलने थेट जोडण्याचा विचार असेल तर फोन तपासून घ्यावा, कारण बहुतेक स्वस्त फोनच्या यूएसबी पोर्टमधून चित्र बाहेर येत नाही.

इतर विषयांसाठी

भूगोलासाठी उपग्रहचित्रांना पर्याय नाही. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे, आणि ॲमेझॉनचे खोरे मुलांनी केवळ नकाशात रंगवलेले असते. गूगल अर्थवर किंवा इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर आधी आपले गाव उघडावे, मुलांना शाळेचे छप्पर, गावचा ओढा आणि पाझर तलाव शोधू द्यावा. हे पाच मिनिटांत होते आणि उंचावरून पाहिलेली जमीन वाचायची कशी हे त्यातून समजते. त्यानंतर गूगल अर्थवर ब्राझीलमधील रोंडोनिया राज्य दाखवावे, जिथे मुख्य रस्त्यापासून फुटलेल्या आडव्या रस्त्यांच्या कडेने जंगल तोडले गेल्यामुळे माशाच्या काट्यासारखी रचना स्पष्ट दिसते. दोन्ही चित्रांचे प्रमाण एकच ठेवण्याची काळजी घ्यावी. भारताचे क्षेत्रफळ सुमारे ३२.८७ लाख चौरस किलोमीटर आणि ब्राझीलचे सुमारे ८५ लाख. वेगवेगळ्या प्रमाणात दाखवले तर हा फरक डोळ्यांसमोर येतच नाही. ही चित्रे आदल्या दिवशी पडद्याचे छायाचित्र घेऊन साठवून ठेवावीत.

गणितासाठी जिओजेब्रा हे आकृत्या काढून हलवता येणारे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. एकाच कंसात अंतर्लिखित झालेले सर्व कोन एकरूप असतात हे प्रमेय घेताना वर्तुळावरचा बिंदू ओढत नेला तरी कोनाचे माप बदलत नाही, हे पाहिल्यावर सिद्धता कशासाठी करायची हे मुलांना पटते. सिद्धता मात्र फळ्यावरच करावी.

मराठीच्या शिक्षकांना तंत्रज्ञानात आपले काही नाही असे वाटते, ते बरोबर नाही. मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत वाचता येतो, आणि बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक ई-बालभारतीवर आहेत. त्याहून मोठे काम फोनच्या साध्या रेकॉर्डरचे आहे. मुलाने उतारा वाचावा, स्वतःचा आवाज ऐकावा, स्वल्पविराम कुठे गिळला ते स्वतः सांगावे आणि पुन्हा वाचावे. घरी बोलली जाणारी बोली वेगळी असलेल्या मुलांना याने जो आत्मविश्वास येतो तो शिक्षकाच्या दुरुस्त्यांनी येत नाही.

घरचा फोन कोणाचा असतो

वर्गाबाहेरच्या अभ्यासासाठी व्हॉट्सॲप गट करताना घरातला फोन कोणाच्या खिशात असतो हे आधी विचारावे. ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातील संस्थेच्या असर २०२३ या सर्वेक्षण अहवालात ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगट पाहिला गेला. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ४४ टक्के होते, तर मुली सुमारे २० टक्के. आमच्या भागात फोन वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर जातो आणि रात्री आठला घरी येतो. त्यानंतर तो आधी भावाच्या हातात जातो. म्हणून फोनवर दिलेला अभ्यास कधीही सक्तीचा नसावा, त्याला गुण नसावेत, आणि तोच मजकूर दुसऱ्या दिवशी वर्गाच्या सूचनाफलकावर कागदावर लावलेला असावा. दहा मिनिटांच्या व्हिडिओपेक्षा दोन मिनिटांची ध्वनिफीत पाठवावी. डेटा कमी लागतो आणि चुलीपाशी काम करतानाही ती ऐकता येते.

संगणक कक्षातली वेळही याच दृष्टीने ठरवावी. शाळा सुटल्यावर कक्ष उघडा ठेवला तर बाहेरगावच्या मुली त्याला मुकतात, कारण त्यांची एसटी पाच वाजता सुटते आणि पुढची गाडी अंधार पडल्यावर असते. मधल्या सुट्टीतली किंवा परिपाठाआधीची अर्धी वेळ मुलींसाठी राखून ठेवावी आणि तशी पाटी दारावर लावावी. संगणकावर दोघे बसले की एकजण माऊस धरतो आणि दुसरा पाहतो. दर दहा मिनिटांनी जागा बदलायला लावणे हे शिक्षकाचे काम आहे.

वर्गात सर्वांकडून उत्तर घ्यायचे असेल तर मुलांकडे फोन असण्याची गरज नाही. प्रत्येकाला अ, ब, क, ड अशी चार पुठ्ठ्याची कार्डे द्यावीत, प्रश्न टीव्हीवर ठेवावा आणि एकाच वेळी कार्ड वर धरायला सांगावे. प्लिकर्ससारखी पद्धत छापील कार्डे शिक्षकाच्या फोनने टिपून प्रत्येकाचे उत्तर नोंदवते. ती जमली तर उत्तम, नाहीतर रंगीत पुठ्ठाही वर्गाची नाडी तेवढीच चांगली दाखवतो.

छायाचित्रे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

मुलांची छायाचित्रे आणि व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकण्याची घाई करू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणी करता येण्याजोग्या संमतीची तरतूद आहे. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळीच संमतीपत्र भरून घ्यावे, नकार देणाऱ्या पालकाला कारण विचारू नये, आणि वर्गात एखाद्याची वही पडद्यावर दाखवताना नाव झाकावे. चुकलेली वही दाखवायची असेल तर ती शिक्षकाने स्वतःच्या हाताने लिहून आणलेली असावी.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने प्रश्नसंच आणि उदाहरणे तयार करण्यासाठी शिक्षकांनी अवश्य वापरावीत, पण त्यांनी दिलेला मराठी मजकूर पाठ्यपुस्तक उघडून शब्दाशब्दाने तपासावा. बहिर्वक्र भिंगाऐवजी हिंदीतला उत्तल हा शब्द येतो, परावर्तन आणि अपवर्तन यांची अदलाबदल होते, आणि उदाहरणातली आकडेमोड बरोबर दिसूनही चुकलेली असते. दहावीच्या मुलाला चुकीची संज्ञा एकदा दिली की ती परीक्षेपर्यंत त्याच्याबरोबर राहते. मुलांची नावे, गुण किंवा घरची माहिती अशा साधनात कधीही भरू नये.

निगा आणि हस्तांतर

यंत्रांची निगा राखण्यासाठी आठवड्यातून एकदा प्रत्येक संगणक अर्धा तास चालू ठेवावा. पावसाळ्यात हे विशेष पाळावे. वायरींची टोके जमिनीपासून वर बांधावीत, प्रोजेक्टर असेल तर त्याची जाळी महिन्यातून एकदा साफ करावी, आणि वीज पडण्याची चिन्हे दिसली की प्लग काढून ठेवावेत. नववीतील चार मुले आणि चार मुली निवडून त्यांना जोडणी, बंद करण्याचा क्रम आणि फाइली शोधणे शिकवावे. ही मुले तास सुरू होण्याआधी टीव्ही तयार ठेवतात, आणि दहावीत गेली की पुढच्या तुकडीला शिकवून जातात. खरेदी लोकवर्गणीतून असो वा माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून, पावती शाळेच्या नावाने घ्यावी आणि दुरुस्ती केंद्र तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी आहे ना हे पैसे देण्यापूर्वी फोन करून विचारावे. दूरच्या शहरात पाठवावी लागणारी वस्तू दुरुस्तीनंतर वर्षानुवर्षे परत येत नाही.

एक साधी दोनशे पानी वही टीव्हीशेजारी दोरीने बांधून ठेवावी. तारीख, तासिका, पाठ, काय दाखवले, किती मिनिटे लागली आणि काय अडले एवढे सहा रकाने त्यात असावेत, आणि तास संपताच दोन ओळींत ते भरावेत. वर्षाच्या शेवटी त्या वहीवरून कोणत्या पाठाला यंत्राची खरोखर मदत झाली आणि कोणत्या पाठाला ते टाळता आले असते हे दिसते. आमच्या वहीत पहिल्या वर्षी असे टाळता येण्याजोगे तास निम्म्याहून अधिक निघाले, आणि पुढच्या वर्षी आम्ही ते कमी केले. शिक्षकाची बदली झाली किंवा तो निवृत्त झाला तर पासवर्ड, फाइलींचा फोल्डर, हमीपत्रे आणि ही वही नव्या शिक्षकाच्या हातात सहीनिशी द्यावी, आणि त्यानंतर एक तास त्याच्याबरोबर वर्गात बसून, केबल कुठे सैल आहे आणि कोणते बटण दोनदा दाबावे लागते, हेही दाखवून द्यावे.